लेकरांनी लावलेली भाजी उगवत नाही, उगवली तर आठ दिवसांत आडवी पडते: काय काय तपासायचं

कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, शाळेच्या मागं नाहीतर देवळाच्या आवारात लेकरांसाठी भाजीचे वाफे केले की पंधरा-वीस दिवसांनी कुणाचा तरी फोन येतोच. "काकू, बी बोगस निघालं." निघतं बोगस कधीकधी. पण परभणी काय, नांदेड काय, लातूर काय, मी बघितलेल्या बहुतेक वाफ्यांत बी बरं होतं आणि वाफा पाणी जास्त होऊन गेलेला होता. वीस लेकरं, वीस बाटल्या, आणि जो तो आपल्याच रोपाला पाजतोय. तरी जाऊन लगेच पाण्याला नावं ठेवू नका. आधी लक्षण बघा.

लक्षणं

वाफ्याजवळ उकिडवं बसून बघा. उभ्यानं बघितलं तर मेलेली सगळी रोपं एकच दिसतात.

- वाफा रिकामा. काहीच वर आलेलं नाही.
- मेथी आली, पण सगळी एका कोपऱ्यात; मधे टक्कल.
- मातीची खपली जागोजागी उचललेली, आणि खपलीखाली पांढरा कोंब वाकडा होऊन अडकलेला.
- रोप आलं, दोन पानं झाली, मग जमिनीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्याइतका बारीक झाला आणि रोप आडवं. पानं अजून हिरवीच. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची चार-पाच. ही मर. सगळ्यात जास्त सापडते ती हीच.
- सकाळी रोप जमिनीलगत साफ कापलेलं, शेंडा बाजूला पडलेला.
- पानांना वेडीवाकडी भोकं, मातीवर वाळलेला चकचकीत पट्टा.
- रोप दुपारी मान टाकतं. ओढलं तर अलगद हातात येतं, खाली मुळंच नाहीत.
- पानांच्या कडा करपलेल्या, वाफ्याच्या काठावर पांढरी पूड.
- नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या.
- पानं पिळलेली, शेंडा आकसून गोळा झालेला.

जे दिसलं त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. पुढं कुणाला विचारायची वेळ आली तर "सुकलं" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

आता तपासणी. फुकटातली आधी, फावडं उचलायला लावणारी नंतर. क्रम सोडू नका, कारण वरच्या दोन-तीन पायऱ्यांतच बहुतेकांचं काम होतं आणि उगाच औषधं, खतं आणली जात नाहीत.

दिवस मोजा

याला पैसा लागत नाही. पेरणी कधी झाली ते कुणाला तरी आठवतंय का विचारा. मेथी आणि मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतात. चवळी, गवार चार ते सहा. भेंडीला पाच ते आठ, पालकाला सात ते दहा लागतात. मिरची, वांग्याला आठवडा-दीड आठवडा. कोथिंबीर मात्र दोन आठवडेही घेते, आणि तेही धने रगडून दोन फाका केले असतील तर. लेकरांना पहिलं पीक म्हणून कोथिंबीर देऊच नका. चौथ्या दिवशी "काकू, माझं उगवंनाच की!" म्हणत एखादा काडीनं उकरून बघतो, कोंब मोडतो, आणि मग ते खरंच उगवत नाही.

मोसमही इथंच बघा. भेंडीला ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा रात्री दहा अंशांच्या खाली उतरतो; तेव्हा टाकलेली भेंडी मातीत तशीच पडून राहते आणि कुजते. उलट एप्रिलच्या उन्हात मेथी-कोथिंबिरीला काही अर्थ नाही. थंडीत मेथी, पालक, मुळा, शेपू. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, दोडका. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात. उन्हाळ्यात लेकरांचे वाफे मी बंदच ठेवायला सांगते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तुम्ही भेंडीसाठी पाणी मागायला जाऊ नये.

मूठ

हीच तपासणी महत्त्वाची, म्हणून सावकाश सांगते.

वाफ्यात दोन बोटं खोल उकरा आणि खालची माती मुठीत घ्या, वरची घेऊ नका. दाबा. मूठ उघडा. गोळा झाला का? आता तो गोळा गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडा. पडून फुटला, भुगा झाला तर वाफसा आहे, म्हणजे ओल हवी तेवढीच आहे, पाणी नको. गोळा तसाच धप्पकन बसला, हाताला काळा चिकटा राहिला, तर दोन दिवस वाफ्याकडं पाणी घेऊन कुणी फिरकायचं नाही. गोळाच झाला नाही, माती बोटांमधून सांडली, तर पाणी द्या.

हे का करायचं? आपली माती काळी. ओली झाली की फुगते, तिच्यातल्या बारीक फटी मिटतात आणि पाणी आत अडकून बसतं. बियाला पाणी लागतं तशीच हवाही लागते. फटीत पाणी भरलं की हवा संपली. बी फुगतं, आंबतं आणि मरतं. उगवून वर आलेल्या रोपाला मर लावणाऱ्या बुरश्या मातीत असतातच. ओल कायम राहिली आणि रोपं दाटीनं असली की त्यांचं फावतं. वरून मात्र तासभर ऊन लागलं की काळी माती करडी पडते, तडकायलाही लागते. लेकराला दिसतं ते हे वरचं. ते म्हणतं, वाळलं, आणि आणखी एक बाटली ओततं. खाली चिखल आहे हे त्याला मूठ भरल्याशिवाय कळणार नाही. मोठ्यांनाही कळत नाही, म्हणून तर सकाळी वॉचमन पाइप लावतो, दुपारी लेकरं येतात, आणि संध्याकाळी फिरायला आलेले आजोबा उरलेलं बाटलीतलं ओतून जातात.

उपाय साधा आहे, अमलात आणायला जड आहे. पूर्ण वाफ्याला एकच झारी ठेवायची. बाटल्या घरी. शेतावर असते तशी पाण्याची पाळी लावायची: आज कोण, उद्या कोण, हे खडूनं भिंतीवर लिहायचं. ज्याची पाळी त्यानं आधी मूठ करायची, बाकीच्यांनी बघायची, आणि गोळा फुटला तर त्या दिवशी झारी उचलायचीच नाही. पाळी असून पाणी द्यायचं नाही, याचा लेकरांना फार राग येतो. त्या लेकराला दुसरं काम द्या, खुरपणी द्या, गोगलगायी वेचायला लावा, वहीत "आज पाणी नाही" असं लिहू द्या. सही करायला मिळाली की राग जातो.

पेरल्यापासून उगवेपर्यंत मात्र वरचा थर वाळू द्यायचा नाही. रोज सकाळी झारीनं हलकं शिंपण. हा एवढाच काळ वेगळा. उगवण झाल्यावर मूठ सांगेल तसं. आणि संध्याकाळी पाणी देणं टाळा. रात्रभर ओली राहिलेली रोपं मरीला लवकर बळी पडतात.

मर लागलेली रोपं वाचत नाहीत. ती उपटून, भोवतालची मूठभर मातीही काढून बाहेर टाका, दाटी विरळ करा, पाणी थांबवा, दोन-तीन दिवस ऊन लागू द्या. उरलेली बहुधा तरतात. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची आळवणी (पाण्यात कालवून मुळाशी ओतणं) शेतकरी करतात, पण लेकरांचे उघडे हात जिथं रोज असतात त्या वाफ्यात मी ती करू देत नाही. पुढच्या पेरणीला बियांना ट्रायकोडर्मा चोळा: किलोला पाच ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे तुमच्या वाटीभर मेथीला चिमूटभरच. ती जिवंत बुरशी आहे, रासायनिक बुरशीनाशक लावलेल्या बियांना चोळून उपयोग नाही.

दिवाळीच्या सुट्टीचं आधीच ठरवा. सगळे गावाला जातात आणि परत आल्यावर अपराधीपणानं एकदम भरून पाणी देतात.

बी आहे कुठं?

वाफा रिकामा असेल तर चमच्यानं वीतभर ओळ हळूच उकरा. बी सापडतं का, आणि कसं सापडतं, यावर सगळं ठरतं.

बी कोरडं, कडक: पाणी पोचलं नाही, थंडी आहे, किंवा बी जुनं आहे. बी फुगलेलं, दाबलं तर पचकन फुटतं, वास येतो: पाणी जास्त, वरचा 'मूठ' हा भाग पुन्हा वाचा. कोंब फुटलाय पण आतच वेटोळं झालंय: फार खोल पडलं किंवा वर खपली धरली. बी नाहीच: वाहून गेलं किंवा कुणीतरी नेलं.

खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. लेकरांना सेंटिमीटर सांगून उपयोग नाही. मेथी, पालक, मुळ्याला करंगळीचं नख बुडेल एवढं. भेंडी, चवळी, दोडक्याला बोटाचं पहिलं पेर. पण कुणाचं बोट, हे ठरवा. सातवीतल्या पोराचं पेर आणि बालवाडीतल्या पोरीचं पेर यांत बरंच अंतर आहे. मी एका काडीला रंगाची खूण करून देते, सगळ्यांना तीच काडी.

लहान लेकरांचा हात उघडतो तो एकाच जागी. अर्धी मूठ मेथी एका खळग्यात पडते, सगळी उगवते, एकमेकांत गुदमरते आणि मर लागते ती तिथूनच. बियांत तिप्पट कोरडी वाळू मिसळा, बाटलीच्या झाकणानं माप द्या, आणि काडीनं आधी काकरी ओढून ठेवा. वाळू पांढरी दिसते, त्यामुळं कुठं पडलं कुठं नाही हे लेकरांना स्वतःलाच कळतं.

सगळी मेथी कोपऱ्यात उगवली असेल तर पाइपच्या धारेनं बी वाहत गेलंय. पाइप बंद, झारीच. झारीच्या तोंडाचं भोकांचं फूल तुटलं असेल तर बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडा (मोठ्यांनी).

खपली धरली असेल तर ती खुरप्यानं फोडायला जाऊ नका, कोंब मोडतात. दोन दिवस सकाळी अगदी हलकं शिंपण करून ती मऊ ठेवा, कोंब आपोआप वर येतो. पुढच्या वेळी काकरी काळ्या मातीनं झाकूच नका. बारीक गांडूळखतानं झाका; ते आवळत नाही.

बियांचीच परीक्षा

खरिपाच्या आधी सोयाबीनचं करतात तेच. शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते आपल्याकडं शेतकऱ्यांच्या घरोघर बघितलं जातं, आणि सत्तरच्या वर उगवले तर बी चांगलं धरतात. भाजीला वीस दाणे पुरेत. ओलं फडकं, त्यात दाणे, गुंडाळी करून डब्यात. रोज फडकं ओलसर ठेवा, ठिबकेल इतकं नको. मेथीची परीक्षा पाच दिवसांत होते. वीसातले चौदा-पंधरा फुटले तर बियाला दोष देऊ नका. दहाच्या खाली असेल तर दुकान बदला, आणि पुढच्या वेळी पाकिटावरची चाचणीची तारीख आणि वैध मुदत वाचूनच घ्या. मेथीसाठी पाकीट आणायचीही गरज नाही, किराणा दुकानातली मेथी बहुधा चांगली उगवते.

एक गोष्ट कटाक्षानं: गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचं बी दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते लेकरांच्या हातात द्यायचं नाही. गोळ्यांसारखं सुंदर दिसतं, आणि लहान लेकरं तोंडात घालतात. औषध न लावलेलंच बी मागून घ्या. भेंडीत 'परभणी क्रांती' हा आपल्याच कृषी विद्यापीठाचा जुना वाण. संकरित नसल्यानं त्याचं बी घरी धरता येतं. एक-दोन फळं झाडावरच जून होऊ द्यायची आणि वाळली की लेकरांनी फोडायची.

चोर

राजगिरा, चाकवत, टोमॅटोचं बारीक बी मुंग्या ओढून नेतात. पेरल्यावर ओलं गोणपाट अंथरा, पण पहिला कोंब दिसला त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुळकी होतात. चिमण्या-साळुंक्यांना जुनी पातळ साडी चार काठ्यांवर ताणली तरी पुरतं.

साफ कापलेलं रोप म्हणजे कुरतडणारी अळी. ती दिवसा दिसत नाही. कापलेल्या रोपाभोवती दोन बोटं खोल उकरलं तर करडी-काळी अळी वेटोळं करून बसलेली सापडते. मर आणि ही अळी यांत लोक फार गल्लत करतात. मरीत देठ पिचतो, अळीत कापला जातो. त्यावर औषध वेगळं नाही, माणूस लागतो. रात्री टॉर्च घेऊन एखाद्या मोठ्यानं जायचं आणि अळ्या वेचायच्या. रोपांना कागदी कपाचा तळ कापून कडं घाला, अर्धं मातीत अर्धं वर.

चकचकीत पट्टा गोगलगायीचा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला होता, हे मोठ्यांना आठवत असेल. वाफ्यात त्यांच्यासाठी संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, सकाळी उलटायचं, खाली जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचा, साबणाच्या दाट पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका. गोगलगाय मरते, पण माती बिघडते.

शेणखत

खताच्या ढिगात कोपरापर्यंत काठी खुपसा, मिनिटभरानं काढा. काठी गरम लागली, वास आला, तर ते खत झालेलं नाही. ताज्या शेणाची ऊब आणि वाफ कोवळी मुळं जाळते. त्यातच पांढरी, वाकडी, तांबड्या डोक्याची हुमणीही येते. मुळं खाल्लेलं रोप अलगद हातात येतं ते तिच्यामुळं. ढीग पसरून अळ्या वेचून काढा. कोंबड्या असतील तर त्यांना सोडा, काम लवकर होतं. पाच-सहा महिने कुजलेलं, थंड, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खतच वाफ्यात घ्या. शेणखताला हात लावला की साबणानं हात धुणं, आणि कच्ची खायची पालेभाजी दोनदा धुणं, हे नियम लेकरांना पहिल्या दिवशीच सांगा.

चार डबे

इथपर्यंत सगळं ठीक, तरी रोपं मरतात? मग दोष मातीत नाहीतर पाण्यात आहे. तो ओळखायला प्रयोगशाळा नंतर, आधी डबे.

चार सारखे डबे घ्या, बुडाला भोकं पाडा. दोनांत तुमच्या वाफ्याची माती, दोनांत ज्या शेतात आज भाजी उभी आहे तिथली. सगळ्यांत मेथीचे दहा-दहा दाणे. प्रत्येक जोडीतल्या एका डब्याला बागेतलं पाणी, दुसऱ्याला प्यायचं पाणी. डब्यांवर लेकरांना नावं लिहू द्या. दहा दिवस थांबा.

वाफ्याची माती दोन्ही पाण्यांत हरली तर माती संशयित. बागेतलं पाणी दोन्ही मातींत हरलं तर पाणी संशयित. चारही डबे चांगले आले तर दोष वाफ्याच्या घडणीत आहे: निचरा नाही, किंवा मुठीचा नियम कुणीतरी मोडतोय. गंमत म्हणजे असं बऱ्याचदा होतं.

पाण्यात दोष निघाला तर बोअर कुठला आहे यापेक्षा नळीच्या टोकाला बघा. पांढरा थर आहे? वाफ्याच्या काठावरही तोच? मग क्षार. हल्ली आणखी एक कारण सापडतं: पाणी वाया जाऊ नये म्हणून घराघरातलं आरओ मशीनचं टाकाऊ पाणी लोक चांगल्या मनानं वाफ्यात आणून ओततात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार साठून आलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात वापरा. क्षाराच्या पाण्यावर घेवडा आधी झोपतो. पालक आणि बीट बराच तग धरतात, म्हणून तोवर तेच लावा. पावसाळ्यात छताचं पाणी वाफ्यावर सोडता आलं तर दोन चांगल्या पावसांत वरचे क्षार खाली उतरतात, निचरा असेल तर.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत पांढरे खडे दिसतील. सतत ओल असली की हे वाढतं. आधी पाणी कमी करा, दहा दिवस बघा, मग खताचा विचार.

वाफा उचला

हे अंगमेहनतीचं काम, म्हणून शेवटी. पाऊस पडून गेल्यावर वाफ्यात दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसत असेल तर सपाट वाफा सोडा आणि गादीवाफा करा. उंची वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर. रुंदी शेतात मीटरभर धरतात, पण लेकरांचा हात तेवढा पोचत नाही आणि मग ती वाफ्यात पाय देतात, माती आवळते. पाऊण मीटर पुरे. दोन वाफ्यांमध्ये दोन लेकरं पाठीला पाठ लावून बसतील एवढी वाट. वाटेच्या उताराकडं पाणी निघून जायला चर.

माती भुसभुशीत करायला लोक ट्रॉलीभर वाळू आणतात. थोडी वाळू काळ्या मातीत मिसळली तर ती घट्टच होते. त्या पैशात शेणखत आणा: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, जमलं तर ओंजळभर निंबोळी पेंड. आणि हे काम वाफशावरच करा. ओल्या मातीत फावडं घातलं तर ढेकळं वाळून दगड होतात आणि पुढचा हंगामभर फुटत नाहीत.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

डब्यांच्या परीक्षेत माती नापास झाली तर घरगुती उपाय बंद. माती आणि पाणी दोन्ही तपासायला द्या: जिल्ह्याची माती परीक्षण प्रयोगशाळा, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. नमुना खत घालायच्या आधी घ्या. वाफ्यात चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करून कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. अहवालात सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता (ईसी, म्हणजे क्षार किती ते) आधी बघा. भाजीला सामू साडेसहा ते साडेसात बरा. आपल्या काळ्या जमिनीत तो आठच्या वर सहज जातो. पाण्याची वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नाही, २.२५ च्या पुढं गेली तर त्या पाण्यावर लेकरांचे वाफे करायचे नाहीत. जिप्सम टाकायचं का, किती, हे अहवाल बघून तिथले लोक सांगतील. दुकानदाराच्या सांगण्यावरून टाकू नका.

पिळलेली पानं आणि आकसलेला शेंडा हे तणनाशकाचं लक्षण असू शकतं. शेजारच्या उसात नाहीतर ज्वारीत फवारणी झाली का, भरावाची माती कुठल्या शेतातून आली, ते विचारा. ज्या शेतात ॲट्राझिन मारलंय तिथली माती आणली तर पालेभाजी उगवून करपत जाते. अशा वेळी फोटो घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा, आणि त्या वाफ्यातलं काही खाऊ नका. जागेवर पूर्वी गॅरेज, बॅटरीचं दुकान, रंगकाम किंवा पाडलेल्या इमारतीचा मलबा होता असं कळलं तर तिथं खायची भाजी मुळीच नको. शिसं उगवलेल्या रोपाकडं बघून कळत नाही. फुलझाडं लावा.

फवारणीचा प्रश्न आला की थांबायचंच. औषधाच्या डब्यावरचा, विष किती जहाल ते सांगणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर तो डबा लेकरांच्या बागेच्या आवारातसुद्धा नको. कुणी चुकून हात लावला, वास घेतला, आणि उलटी, घाम, डोळ्यांसमोर अंधारी असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या, लेबल डॉक्टरांना लागतं.

पालापाचोळ्याच्या ढिगात, गोणपाटाखाली, विटांच्या कडेला हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून. घोणस, फुरसं, मण्यार, विंचू, सगळे आपल्याकडं आहेत. साप दिसला तर लेकरं मागं, कुणीही काठी उचलायची नाही, आणि वनविभागाच्या १९२६ वर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. चावला तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक यात वेळ घालवू नका. हलू न देता थेट सरकारी रुग्णालय.

बोअरच्या मोटारीचा स्टार्टर ओल्या भिंतीवर असेल, पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बागेचं काम त्या दिवशी बंद आणि वायरमन. हे मी दोन ठिकाणी बघितलंय, आणि दोन्ही ठिकाणी मोटार चालू करायला लेकरंच जात होती.

बियाचं पाकीट खरंच बोगस निघालं असं फडक्यातल्या परीक्षेत दिसलं, तर बिल, पाकीट आणि उरलेलं बी घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तक्रार देता येते. वीस रुपयांच्या पाकिटासाठी कुणी जात नाही, पण त्याच लॉटचं बी एखाद्या शेतकऱ्यानं एकरभर टाकलेलं असू शकतं.

माती परीक्षणाचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर लेकरांना "थांबा" म्हणून बसवू नका, ती दुसऱ्या आठवड्यात येणं सोडतात. सिमेंटची रिकामी गोणी उलटी करून झटकून धुवा किंवा भाजी मंडईतलं प्लॅस्टिकचं क्रेट घ्या, आत गोणपाटाचं अस्तर, बुडाला पाच-सहा भोकं, चांगल्या शेतातली माती आणि गांडूळखत निम्मं निम्मं, आणि त्यात मेथी. क्रेटला मात्र मूठ रोज बघा. ते वाफ्यापेक्षा लवकर वाळतं.